ज्वालामुखीच्या पायथ्याची सायकल

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी एक सायकल होतीच. काळी, जड, मागे लोखंडी कॅरियर असलेली. वडील तिच्यावरून पहिल्या पाळीला जात. आई त्याच कॅरियरवर बसून दवाखान्यात जाई. थोरला पोरगा नळीखालून पाय घालून तिच्यावर तोल सांभाळायला शिके. रेशनचे धान्य, रॉकेलचा डबा, गिरणीतले दळण, सगळे तिच्यावरून घरी येई. ती हौसेची वस्तू नव्हती, घरातला एक कमावता हात होता.

म्हणूनच सायकल-शर्यत म्हटली की आपल्याला वाटते, तो आपला प्रांत नव्हे. रंगीत कपडे, डोळ्यांवर चष्मा, दोन बोटांनी उचलता येईल अशी हलकी सायकल, मागून मोटारींचा ताफा. हे सगळे पैसेवाल्यांचे, गोऱ्या देशांचे. आज या सदरात आम्ही अशा एका देशाची हकिकत सांगणार आहोत, जिथे ओझे वाहणाऱ्या सायकलींमधूनच शर्यतीचे सायकलपटू तयार झाले. गोष्ट आनंदाची आहे, पण नुसती आनंदाची नाही. शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

देशाचे नाव रवांडा. आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला. क्षेत्रफळ 26,338 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा साधारण बारावा हिस्सा. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 32 लाखांच्या घरात भरली. समुद्र नाही, मोठे कारखाने नाहीत. सपाट जमीनही फारशी नाही. या देशाला 'हजार टेकड्यांचा देश' म्हणतात. राजधानी किगाली समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटरचे. म्हणजे तिकडची राजधानीच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसलेली आहे, असे समजा.

या देशाच्या वायव्य कोपऱ्यात विरुंगा नावाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. एकूण आठ मोठे ज्वालामुखी. त्यातले पाच रवांडाच्या हद्दीवर उभे आहेत. करिसिंबी, बिसोके, सब्यिन्यो, गहिंगा आणि मुहाबुरा. करिसिंबी सर्वांत उंच, 4,507 मीटर. हे पाचही आज शांत आहेत. पण पलीकडे काँगो देशात न्यिरागोंगो आणि न्यामुरागिरा हे दोन अजून धगधगत आहेत. न्यिरागोंगोचा लाव्हा 2002 सालच्या जानेवारीत गोमा शहरात शिरला आणि 2021 सालच्या मे महिन्यात पुन्हा शहराच्या वेशीपर्यंत आला.

लाव्हा आपल्याला परका नाही. आपला सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच झालेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. त्याचाच काळा पत्थर आपल्या पाट्या-वरवंट्यात आणि जात्यात आहे. फरक इतकाच की आपला लाव्हा कधीच थंडावला आणि तो पायऱ्यापायऱ्यांनी पसरला. तिकडचे डोंगर त्या मानाने फार अलीकडचे आणि शंकूसारखे उभे आहेत.

माती, बटाटा आणि सायकल

आता कोणी विचारील, ज्वालामुखीचा आणि सायकलीचा संबंध काय? संबंध पोटाचा आहे.

ज्वालामुखीची राख आणि लाव्हा झिजून जी माती होते, ती फार सुपीक असते. थंड हवा, भरपूर पाऊस आणि ही काळी माती यामुळे मुसान्झे, बुरेरा, न्याबिहू, रुबावू या जिल्ह्यांत बटाट्याचे पीक उदंड येते. देशाच्या ताटातला बटाटा मुख्यतः इथलाच. डोंगराच्या उतारावर जिथे नजर जाईल तिथे लहान लहान वाफे दिसतात. शेतांच्या बांधांवर आणि घरांच्या कुंपणांना काळे लाव्हाचे दगड रचलेले असतात. पण हाच दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी खाली झिरपून जाते. पाऊस पडूनही प्यायच्या पाण्याची ओढाताण असते. बायका आणि पोरे पिवळे प्लास्टिकचे डबे घेऊन लांबून पाणी आणतात. आपल्या आयाबायांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता पाहा. शेत डोंगरावर, बाजार खाली रस्त्याला. पिकलेला बटाटा उतरवायचा कसा? ट्रक प्रत्येक बांधापर्यंत जात नाही आणि गेला तर त्याचे भाडे छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. बैलगाडी या उतारावर चालत नाही. मग लोकांनी लाकडाची सायकल केली. निलगिरीच्या लाकडाचा सांगाडा, लाकडाचीच चाके, चाकांवर जुन्या टायरची पट्टी ठोकलेली. तिला पायडल नाही, साखळी नाही. चढाला ढकलत न्यायची आणि उताराला एक गुडघा फळीवर टेकून वरून सोडायची. ब्रेक म्हणजे मागच्या चाकावर दाबायचा जुन्या टायरचा तुकडा. अशा सायकलीवर दोन-दोन, तीन-तीन पोती बटाटे लादून तरुण पोरे घाट उतरतात. खड्डा आला, तोल गेला, की माल गेला आणि हातपायही गेले.

ज्याच्याजवळ चार पैसे साठले, तो लोखंडी सायकल घेतो. बहुधा चिनी किंवा भारतीय बनावटीच्या साध्या सायकलींसारखीच, एकच गिअर असलेली, जड. तिच्या कॅरियरवर गादी बांधली की ती टॅक्सी होते. अशा सायकल-टॅक्सीवाल्यांना तिकडे 'अबान्योंझी' म्हणतात. पाठीमागे माणूस, कधी माणूस आणि पोते दोन्ही, आणि समोर चढ. दिवसभराच्या घामातून संध्याकाळचे जेवण.

अशा पोरांचे पाय कसे होत असतील, याचा विचार करा. उंचावर हवा विरळ असते. तिथे जन्मल्या-वाढलेल्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी जास्त असतात. युरोपातले मोठमोठे सायकलपटू शर्यतीआधी मुद्दाम उंच डोंगरावर जाऊन तीन-चार आठवडे राहतात ते यासाठीच. त्यातले कित्येक अटलांटिक महासागरातल्या तेनेरीफ बेटावर तेइदे नावाच्या ज्वालामुखीवर मुक्काम ठोकतात. त्यांना ज्यासाठी पैसे मोजून जावे लागते, ते मुसान्झेच्या बटाटेवाल्या पोराला जन्माने मिळालेले असते. ताकद पायात होती, दम छातीत होता. नव्हती ती फक्त सायकल. आणि नव्हते ते पोटभर अन्न.

टॅक्सीवाल्याचा पिवळा अंगरखा

'टूर दु रवांडा' म्हणजे रवांडाची सायकल-प्रदक्षिणा 1988 साली सुरू झाली. ही टप्प्याटप्प्यांची शर्यत असते. रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे, रोजचा वेळ मोजायचा आणि सगळे टप्पे मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजयी. आघाडीवर असलेल्याला पिवळा अंगरखा मिळतो. मधल्या काळात देशावर जे संकट कोसळले त्यात शर्यत बंद पडली, पुढे पुन्हा उभी राहिली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अब्राहम रुहुमुरिझा नावाच्या सायकलपटूने ही शर्यत पाच वेळा जिंकली. हा अब्राहम सायकल-टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस. शर्यत जिंकायची आणि पुन्हा गिऱ्हाईक पाठीमागे बसवायचे.

2005 साली टॉम रिची नावाचा अमेरिकन सायकल बनवणारा या देशात आला. त्याने लाकडी सायकली पाहिल्या, पोरांचे पाय पाहिले. त्याने कॉफीच्या शेतकऱ्यांसाठी लांब कॅरियरची मजबूत सायकल काढली. कॉफीची पिकलेली फळे तोडल्यावर काही तासांतच धुण्याच्या केंद्रावर पोचवावी लागतात, नाहीतर ती आंबू लागतात आणि भाव पडतो. डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या शेतकऱ्याला ही सायकल म्हणजे सरळ पैसा होता. त्याच्या पाठोपाठ शर्यतीचा एक संघही उभा राहिला. पुढे या संघाचे ठाणे मुसान्झे गावात, ज्वालामुखींच्या पायथ्याशी झाले. पोरांना सायकली मिळाल्या, तीन वेळचे जेवण मिळाले. कुणी लिहा-वाचायला शिकले, कुणी सायकल-दुरुस्ती शिकले.

त्या भागातलाच गासोरे हटेगेका नावाचा एक अनाथ पोरगा होता. बटाट्याची पोती सायकलवर वाहून तो पैसे साठवायचा. सराव करणारा संघ रस्त्याने जाताना त्याने पाहिला आणि आपल्या जड सायकलीवरून त्यांच्या मागे लागला. पुढे तो त्या संघात आला. वाचकहो, निवड-चाचणी म्हणतात ती हीच. अर्ज नाही, ओळख नाही, चिठ्ठी नाही. चढावर जो मागे पडत नाही, तो आपला.

पुढच्या चाकावर विश्वास

आता ज्या संकटाचा वर नुसता उल्लेख केला, त्याबद्दल लिहिले पाहिजे. ते टाळून रवांडाची कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

या देशात हुतू, तुत्सी आणि त्वा असे तीन समाज. भाषा एकच, किन्यारवांडा. गावे एकच, टेकड्याही त्याच. परकी सत्ता येण्यापूर्वीही समाजात उच्च-नीच होतेच, पण बेल्जियन राज्यकर्त्यांनी 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट छापला आणि एकदा छापलेला शिक्का बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. एका गटाला शाळा-कचेऱ्यांत पुढे घेतले, दुसऱ्याला मागे ठेवले. स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले आणि द्वेष वाढत गेला. 7 एप्रिल 1994 पासून सुमारे शंभर दिवस हा देश जळत होता. आठ ते दहा लाख माणसे मारली गेली. त्यात बहुसंख्य तुत्सी होते, आणि मारण्यात सामील व्हायला नकार देणारे हुतूही होते. रस्त्यावर नाके उभारून ओळखपत्र पाहिले जाई. त्या एका ओळीवर माणसाचे जगणे-मरणे ठरे. मारणारे कोणी परदेशी सैनिक नव्हते. बहुतेक ठिकाणी ते शेजारी होते.

जन्माबरोबर कपाळावर मारलेला शिक्का काय असतो, हे आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून रवांडाची ही गोष्ट आपण दूरची म्हणून वाचू नये.

आद्रियाँ नियोनशुती त्या वेळी सात वर्षांचा होता. त्याचे सहा भाऊ मारले गेले. तो वाचला. मोठा झाल्यावर तो सायकल चालवू लागला आणि या नव्या संघात आला. संघात दोन्ही समाजांची मुले होती. नवीन सरकारने ओळखपत्रावरून गटाची ओळ काढून टाकली होती. पण कागदावरची ओळ पुसणे सोपे, मनातली पुसणे अवघड.

इथे सायकल-शर्यतीतली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रस्त्यावरच्या शर्यतीत सायकलपटू एकमेकांच्या अगदी पाठीला चिकटून चालवतात. पुढचा वारा कापतो, मागच्याची ताकद वाचते. वेग जास्त असला तर ही बचत एक तृतीयांशापर्यंत जाते. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो, मागचा पुढे येतो. दोन चाकांत वीतभर अंतर. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा आपटलाच. घाट उतरताना ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग असतो. म्हणजे या खेळात पुढच्या माणसाच्या हाती आपला जीव द्यावा लागतो आणि आपल्या हाती मागच्याचा. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना मारले किंवा वाचवले, त्यांची मुले ज्वालामुखीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे असा सराव करत होती. भाषणे आणि ठराव आपापले काम करतात. रोज सकाळी पुढच्याच्या चाकावर विश्वास ठेवून साठ मैल जाणे, हेही एक काम आहे, आणि ते सोपे नाही.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आद्रियाँने रवांडाचा ध्वज हाती धरून मैदानात प्रवेश केला. त्याची शर्यत डोंगरी वाटेवरच्या सायकलीची होती. तो 39 वा आला. कुणी म्हणेल, एकोणचाळिसावा म्हणजे काय मोठे? ज्याला सातव्या वर्षी सहा भावांना मुकावे लागले, त्याने ती शर्यत पुरी केली हेच आम्हाला मोठे वाटते. त्याच वर्षी या संघावरचा 'रायझिंग फ्रॉम ॲशेस' हा माहितीपटही निघाला. पुढे आद्रियाँने आपल्या गावाकडे, रवामागाना येथे, मुलांसाठी सायकलशाळा काढली.

2009 पासून टूर दु रवांडा आंतरराष्ट्रीय दर्जाची झाली होती. मोरोक्को, इरिट्रिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका येथील सायकलपटू ती जिंकून नेत. 2014 साली पहिल्यांदा घरचा पोरगा जिंकला. वालेन्स न्दायिसेंगा. 1994 सालीच जन्मलेला. ज्या वर्षी देश मेल्यासारखा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल वीस वर्षांनी पिवळा अंगरखा घालून किगालीत उभे राहिले. मग 2015 ला जाँ बॉस्को न्सेंगिमाना, 2016 ला पुन्हा वालेन्स, 2017 ला जोसेफ अरेरुया, 2018 ला सॅम्युएल मुगिशा. सलग पाच वर्षे रवांडाचेच विजेते.

मुलींची सायकल

आमच्या भगिनी म्हणतील, यात मुली कुठे आहेत? रास्त प्रश्न आहे.

बाईने सायकल चालवणे तिकडच्या खेड्यांत बरे मानले जात नसे. आपल्याकडेही जुन्या माणसांना विचारा, मुलगी पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा गल्लीत काय काय बोलले गेले. रवामागानाकडची जान द'आर्क गिरुबुंटू ही मुलगी. टूर दु रवांडाची शर्यत रस्त्याने जाताना तिने पाहिली आणि मनात घेतले की आपणही जायचे. लोक हसले असतील, अडवलेही असेल. 2015 साली अमेरिकेत रिचमंड येथे झालेल्या जागतिक रस्ता-सायकल अजिंक्यपद स्पर्धेत ती उतरली. त्या स्पर्धेत उतरणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन स्त्री. पदक मिळाले नाही. पण तिच्यानंतर येणाऱ्या मुलीला 'पहिली' होण्याचा भार वाहावा लागला नाही.

जग किगालीत आले

आणि मग 2025 साल उजाडले. सप्टेंबर महिन्याच्या 21 ते 28 तारखांना जागतिक रस्ता-सायकल अजिंक्यपद स्पर्धा किगालीत भरली. ही स्पर्धा 1921 पासून चालू आहे, पण आफ्रिकेच्या भूमीवर ती त्यापूर्वी एकदाही झाली नव्हती. शहरातल्या शाळांना आठवडाभर सुट्टी दिली गेली. टेकड्यांच्या कडांवर, भिंतींवर, झाडांवर माणसे. पुरुषांची शर्यत 267.5 किलोमीटरची, आणि सगळे चढ मिळवले तर जवळजवळ साडेपाच हजार मीटरची चढाई. म्हणजे एका दिवसात तीन वेळा समुद्रापासून कळसूबाई चढल्यासारखे, वर थोडे आणखी. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार जिंकला. दीडशेच्या आसपास सायकलपटू निघाले, शेवटच्या रेषेपर्यंत पोचले फक्त 30. जगातले नामांकित सायकलपटू त्या चढांवर धापा टाकत उतरले. स्त्रियांची मोठी शर्यत कॅनडाच्या मॅग्डेलिन वालिएरने जिंकली.

यजमानांच्या वाट्याला पदके आली नाहीत. इथेच आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. 2014 ते 2018 या पाच वर्षांत घरची शर्यत घरच्या मुलांनी जिंकली. 2019 साली शर्यतीचा दर्जा वाढला, युरोपातले श्रीमंत संघ येऊ लागले. त्यानंतर 2025 पर्यंतच्या सात वर्षांत रवांडाचा एकही सायकलपटू ती पुरी शर्यत जिंकू शकला नाही. 2022 साली मोइझ मुगिशाने शेवटचा टप्पा जिंकला तेव्हा लोक रडले-नाचले, इतकी ती दुर्मीळ गोष्ट झाली होती. पोरांचे पाय कमजोर झाले का? नाही. समोरच्याची सायकल हलकी झाली, त्याचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ, यंत्रे, प्रवास, सगळे वाढले. शर्यतीची एक चांगली सायकल म्हणजे तिकडच्या गरीब कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई. दार उघडले म्हणजे सगळे झाले असे नाही. आत गेल्यावर बसायला जागाही लागते. एकदा सवलत दिली, आता स्पर्धा करा, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब पाहावा.

रस्त्याचे दुसरे टोक

ज्या रस्त्यावर ही मुले सराव करतात, तो किगालीहून निघतो. न्याबारोंगो नदी ओलांडली की लगेच चढ लागतो. डोंगरामागून डोंगर चढत-उतरत तो मुसान्झेला येतो. तिथून ज्वालामुखींच्या पायथ्याने, बटाट्याच्या शेतांतून पश्चिमेला जातो आणि शेवटी एकदम खाली, किवू सरोवराच्या काठी, रुबावू या गावी उतरतो. हे सरोवरही ज्वालामुखींनीच घडवले. पूर्वी इथले पाणी उत्तरेला नाईल नदीकडे जाई. मध्ये हे डोंगर उभे राहिले, वाट अडली, पाणी साठले आणि आता ते दक्षिणेला वाहते.

रुबावूच्या पुढे सीमा आहे. सीमेला लागूनच काँगोतले गोमा शहर. 2025 च्या जानेवारी अखेर एम-23 नावाच्या बंडखोर सेनेने ते शहर ताब्यात घेतले. रवांडाचे सैन्य या बंडखोरांच्या पाठीशी आहे, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात म्हटले. रवांडा सरकारने ते नाकारले. महिन्याभरातच टूर दु रवांडा त्याच भागातून गेली. बेल्जियमच्या एका मोठ्या संघाने सुरक्षिततेच्या कारणाने माघार घेतली. किगालीची जागतिक स्पर्धा रद्द करावी, अशीही मागणी युरोपच्या संसदेतून झाली. स्पर्धा ठरल्या जागीच झाली.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. एका बाजूला रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारी पोरे, आणि काही मैलांवर डोक्यावर बोचके घेऊन पळणाऱ्या आया. दोन्ही खरे आहे. खेळ चांगला म्हणून सत्ता चांगली ठरत नाही. आणि सत्तेवर डाग आहे म्हणून बटाट्याची पोती वाहून वर आलेल्या पोराचा घाम खोटा ठरत नाही. राज्यकर्ते रोषणाई करतात ती स्वतःसाठी. आपण पाहायचे ते त्या उजेडात सायकल चालवणाऱ्याकडे, आणि उजेडाबाहेर अंधारात कोण उभे आहे तिकडेही.

त्या रस्त्यावर आजही लाकडी सायकली उतरतात. चढाला काही पोरे जीव धोक्यात घालून ट्रकच्या मागच्या कडीला लोंबकळतात. शर्यतीचे सायकलपटू त्यांच्या बाजूने जातात. कधीकधी एखादा बटाटेवाला पोतेसकट त्यांच्या मागे लागतो, शंभर-दोनशे पावले बरोबरीने जातो आणि हसत मागे राहतो. त्या शंभर-दोनशे पावलांतच पुढचा गासोरे असतो. प्रश्न एवढाच की त्याच्याकडे वळून पाहणारे कोणी आहे की नाही.

जाता जाता घरातली एक गोष्ट. तुमच्या जिन्याखाली किंवा पडवीत एखादी जुनी सायकल गंजत पडली असेल. तिच्या चाकात हवा भरा, साखळीला तेल घाला. मुलगा मागेल, त्याला द्याच. पण मुलीने मागितली नसली तरी तिच्याही हाती द्या. पहिल्या दिवशी मागून कॅरियर धरा, दुसऱ्या दिवशीही धरा. तिसऱ्या दिवशी सोडून द्या. पडली तर गुडघा फुटेल, आठवडाभरात भरून येईल. चढ कोणाच्या वाट्याला किती येणार हे आपल्या हाती नाही. चाक देणे आपल्या हाती आहे.